देवाशी अबोला

छत्री मिटा. मोबाइल घरीच ठेवा, आपण जातोय तिथे त्याला रेंज नाही. 1975 चा जुलै आहे, सकाळपासून मुंबईत पाऊस कोसळतोय आणि तुम्ही गिरणगावातल्या एका थिएटरच्या तिकीटखिडकीकडे सरकताय. खिडकी म्हणजे जाळीमागचं एक अर्धगोल भोक. तिथपर्यंतची रांग दोन्ही बाजूंनी लोखंडी पाइपांत कोंडलेली. मागच्याचा ओला सदरा तुमच्या पाठीला चिकटलाय, पुढच्याच्या मानेवरून खोबरेल तेल ओघळतंय, शेजारी कुणाच्या तरी रेनकोटचा रबरी वास. पहिली पाळी संपवून, आंघोळ करून आलेले कामगार आहेत हे. तरी एखाद्याच्या कानाच्या पाळीमागे कापसाचा तंतू राहिलाच आहे.

तुमच्यापुढे चार माणसं उरली असताना आतून फळी सरकते. हाऊसफुल! रांगेतून एक लांब हाय उठते आणि त्याच क्षणी कोपऱ्यात ओठ न हलवता कुणीतरी पुटपुटतं, ‘दो का पाच, दो का पाच.’ घासाघीस करू नका, फळी पडल्यावर भाव वाढतच जातो. पैसे द्या, ओलसर गुलाबी तिकीट मुठीत धरा आणि आत घुसा.

आत अंधार आणि दमट ऊब. पंखे फिरतायत, वारा मात्र त्यांच्याखालच्या चार खुर्च्यांनाच. डोअरकीपरच्या बॅटरीचा पिवळा ठिपका तुमच्या पायांपुढे नाचतो, त्याच्या मागे मागे जा, पाय जपून टाका, खाली शेंगांची टरफलं आहेत. रेक्झिनची खुर्ची फाटलेली आहे आणि तिच्यात ढेकूण आहेत, तेव्हा पाठ टेकण्याआधी जरा विचार करा. पुढच्या स्वस्त रांगांतून विडीचा धूर वर येतोय आणि प्रोजेक्टरच्या झोतात निळा होऊन तरंगतोय. तुमच्या उजवीकडे नऊवारीतल्या एक मावशी बसल्यात, मांडीवर ओली पिशवी, तीत रेशनचे गहू. हा सिनेमा त्यांनी आधी पाहिलाय. निम्म्या थिएटरनं पाहिलाय. फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट संपेपर्यंत सगळे गप्पा मारतात, आणि मग पडद्यावर नाव येतं: ‘दीवार’.

दिग्दर्शक यश चोप्रा यांच्या नावाला टाळ्या, सलीम-जावेद या नावांना शिट्ट्या. लेखकाच्या नावाला पिटातून शिट्टी येते, असे दिवस आहेत हे. या जोडीतले जावेद अख्तर पुढे आपण नास्तिक असल्याचं जाहीर सभांतून ठणकावून सांगणार आहेत, पण इथल्या लोकांना त्याच्याशी कर्तव्य नाही. त्यांना सिनेमाचा नायक विजय हवाय.

तो येतो तेव्हा लहान पोर आहे. बापाला चोर ठरवून गावानं या पोराच्या हातावर ते गोंदवलंय. आई दोन्ही पोरांना घेऊन मुंबईला येते, डोक्यावर घमेली वाहते, आणि धाकट्याचं बोट धरून देवळात जाते. थोरला पायरीवर थांबतो. आत यायला सांगितलं तरी जात नाही. वाद घालत नाही, भाषण करत नाही, नुसता बाहेर बसतो. आता मान वळवून आजूबाजूला बघा. ज्यांच्या खोलीत बारा माणसं राहतात, दारावर गणपतीची फरशी आहे आणि फळीवर देवांच्या तसबिरी दाटीवाटीनं लावल्यात, अशी ही माणसं. त्यांतल्या एकालाही या पोराचा राग आलेला नाही. मावशी पदर तोंडाशी धरून म्हणतात, ‘कसा जाईल तो आत?’

मोठा झालेला विजय गोदीत हमाल आहे. निळा सदरा, कमरेशी मारलेली गाठ, खांद्यावर दोर. (तुमच्यापुढच्या रांगेतल्या तिघांनी सदऱ्याला तश्शीच गाठ मारलीय, बघा.) त्याचा बिल्ला 786 नंबरचा. रहीमचाचा त्याला समजावतो की हा आकडा आमच्याकडे पाक मानतात, तो जवळ असू दे, तुझी राखण करेल. देवळाची पायरी न चढणारा हा गडी तो पितळी बिल्ला मात्र जिवापाड जपतो. आणि जेव्हा त्या बिल्ल्यामुळे छातीवरची गोळी अडते, तेव्हा कान झाका! मदनपुऱ्याच्या मुसलमान वस्तीतून आलेली पोरं खुर्च्यांवर उभी राहतात, पण फक्त तीच नाहीत. साताऱ्याचे, कोकणातले, आझमगडचे, सगळे एका दमात शिट्ट्या मारतायत. कुणाचा आकडा, कुणाचा देव, हे विचारायला कुणाला सुचतच नाही. पुढच्या रांगेतून भिरकावलेली चिल्लर पडद्यावर आपटून खणखणत खाली पडते.

तो आवाज कानात धरा आणि क्षणभर माझ्याबरोबर वीस वर्षं पुढे या. हेच शहर, 1995 साल. दाराशी पोलीस, तुमची पिशवी उघडून बघतायत. पडद्यावर मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’. शेखर हिंदू, शैलाबानो मुसलमान, त्यांच्या जुळ्या पोरांची नावं कबीर नारायण आणि कमाल बशीर. मुंबईच्या हिंदू-मुसलमान दंगलीतली माणसं त्या एवढ्या एवढ्या पोरांना घेरतात, अंगावर घासलेट ओततात आणि विचारतात, हिंदू की मुसलमान? थिएटरात कुणी खोकतसुद्धा नाही. शेजारचा माणूस आर्मरेस्टवरचा हात काढून घेतो, कारण दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न त्यानं पडद्यावर नाही, आपल्या गल्लीच्या तोंडाशी ऐकलाय. लोकप्रिय सिनेमानं धर्माच्या भांडणाकडे इतक्या जवळून बघणं ही मला तेव्हाही मोठी गोष्ट वाटली, आजही वाटते. पण इथे फार वेळ बसवत नाही. चला परत.

दिवे लागलेत, इंटरव्हल झालाय. पोऱ्या ओपनर बाटल्यांवरून किर्रर्र फिरवत रांगेतून घुसतोय. गोल्ड स्पॉट घ्या, फार थंड नसेल, पण ओलं आहे. समोसा गरम आहे, कागदावर तेलाचा डाग पसरत चाललाय. तुम्ही रीतीनं मावशींपुढे करता. त्या चिंचेच्या चटणीकडे बघून हात मागे घेतात. ‘तुम्ही खा. माझा शुक्रवार आहे.’

हे ऐकलंत ना? मग इंटरव्हल इथेच थांबवू या, वेळ आपल्याच हातात आहे. त्याच शहरात, त्याच पावसात, दुसऱ्या एका थिएटरच्या दाराशी चला. इथे चपला काढा. हो, थिएटरच्याच दाराशी. बघा केवढा ढीग पडलाय: कोल्हापुरी, रबरी स्लीपर, लहान पोरांचे बूट. आत ‘जय संतोषी माँ’ लागलाय आणि बाया सिनेमाला नव्हे, दर्शनाला आल्यात. उदबत्त्यांचा धूर, कापूर, भिजलेल्या मोगऱ्याचा वास. विडीला इथे जागा नाही. पडद्यावर अनिता गुहा देवीच्या रूपात उभ्या राहतात आणि शेकडो हात जोडले जातात. फुलं, अक्षता, नाणी पडद्याकडे उडतात. कुणी ताटात निरांजन लावून उभी राहते आणि डोअरकीपर पडदा पेटेल म्हणून जिवाच्या आकांतानं पुढे धावतो. उषा मंगेशकरांच्या आवाजातली आरती सुरू झाली की थिएटर गातं, पडद्यावरचा आवाज खाली दबतो. शेवटी ओंजळीत गूळ-चणे येतात. ते खा.

कथा विचाराल तर त्यातही भांडण आहेच, आणि तेही देवांच्या घरातलं. नव्या देवीची वाढती भक्ती लक्ष्मी, पार्वती आणि ब्रह्माणी यांना खुपते, आणि तिची भक्त सत्यवती त्यापायी भरडली जाते. जावांचा जाच, नवऱ्याचं परागंदा होणं, उपास मोडावा म्हणून अन्नात कालवलेलं आंबट. सोळा शुक्रवार धरलेल्या या बायांना त्यातलं काहीही नवं नाही. मावशी इथे दोनदा येऊन गेल्यात. इथे चप्पल काढून बसलेली बाई तिथे देवळाबाहेर बसलेल्या पोरासाठी रडते, आणि तिला त्यात काडीची विसंगती वाटत नाही. मला विचाराल तर त्या सालचा सिनेमा समजून घ्यायला या बाईशेजारी बसावं, दुसरी वाट नाही.

बेल झाली. चपला शोधा, मिळतील त्या घाला आणि आपल्या खुर्चीवर परत या.

आता तो प्रसंग येतोय. आई मरणाच्या दारात आहे. तस्करीच्या पैशानं इमले बांधलेला विजय पोलिसांच्या पहाऱ्यामुळे तिच्या उशाशी जाऊ शकत नाही. आणि तो आयुष्यात पहिल्यांदा देवळाची पायरी चढतो. रात्र, रिकामा गाभारा, समोर महादेव. तो हात जोडत नाही. आज तुला आनंद झाला असेल, असं सुनावूनच सुरुवात करतो. आपण कधी काही मागितलं नाही याची आठवण देतो, माझ्या पापांची शिक्षा तिला का, असं विचारतो, आणि मग आवाज फुटतो. इतका वेळ संवाद आधीच म्हणून दाखवणारी पुढची पोरं आता गप्प आहेत. विडी हातात जळतेय, ओढायचं भान नाही. छपरावर पाऊस वाजतोय तो आत्ता कुठे ऐकू येतो. मावशींच्या मांडीवरची पिशवी घसरून गहू खाली सांडतात आणि त्या वाकत नाहीत.

हा नास्तिक आहे? कुणी काहीही म्हणो, मला तसं वाटत नाही. नसलेल्यावर कुणी रुसत नाही. विजयनं देवाशी अबोला धरलाय, घरातलं मोठं माणूस चुकीचं वागल्यावर थोरला मुलगा धरतो तसा. म्हणून तर हे थिएटर त्याला पोटाशी धरतं. या लोकांच्या आज्या-पणज्या जात्यावर जनाबाईच्या ओव्या म्हणत आल्या, आणि जनाबाईनं विठोबाला काय कमी शिव्या दिल्या? देवाशी कडाकडा भांडणं ही भक्तीच, हे इथल्या प्रत्येकाला दुधाबरोबर मिळालंय.

खरा नास्तिक वेगळा. देव नाही म्हणतो आणि शांतपणे जेवायला बसतो. महाराष्ट्रानं आगरकर पाहिलेत, परमेश्वराला रिटायर करा असं सांगणारे डॉ. श्रीराम लागू पाहिलेत. पण असा माणूस मोठ्या पडद्यावर नायक म्हणून शेवटपर्यंत टिकत नाही, कथा त्याला टिकू देत नाही. पुढे 2012 मध्ये ‘ओह माय गॉड’ येईल, परेश रावल यांचा कांजीभाई देवावर खटला भरेल, देवाच्या नावानं चालणाऱ्या दुकानदारीला उघडं पाडेल, आणि शेवटी कृष्णच येऊन त्याला बरं करेल. मला हे दर वेळी खुपतं. ज्याला देवाची गरज वाटत नाही अशा भल्या माणसाला त्याच्या मतासकट घरी जाऊ द्यावं, एवढीच माझी मागणी आहे.

विजयलाही घरी जाऊ देत नाहीत. आई बरी होते, त्याची प्रेयसी अनिता मारली जाते, तो बदला घेतो. आई पोलीस असलेल्या धाकट्याच्या हाती पिस्तूल देते आणि स्वतः देवळात थोरल्याची वाट बघत बसते. पळताना बिल्ला निसटतो, पाठोपाठ गोळी लागते. तरीही तो रक्तबंबाळ अंगानं देवळापर्यंत येतो, पुन्हा त्याच पायऱ्या चढतो, आईच्या मांडीवर डोकं ठेवतो. आता थिएटरात बाप्ये मोकळेपणानं रडतायत. शेजारचा कामगार टोपीनं डोळे पुसतो आणि तुमच्याकडे बघून लाजतही नाही.

बाहेर पाऊस थांबलाय. फुटपाथवर टपरीभोवती गर्दी, कपातून वाफ, गवती चहाचा वास, आणि तिथे कडाक्याचं भांडण पेटलंय. चष्मेवाला एक कारकून म्हणतोय की बिल्ला पडला तिथेच फैसला झाला, त्यानं अल्लाची राखण गमावली, शंकरानं हिशेब चुकता केला. गाठ मारलेल्या सदऱ्याचा पोरगा म्हणतोय, हरला साला, चढायलाच नको होतं. साच्यावर काम करणारा एक बुटका गडी दोघांवर कप उगारतोय. ‘अरे, देवळात कोण गेलं? म्हातारी तिथे बसली होती म्हणून गेला तो. स्टेशनात बसली असती तर स्टेशनात गेला असता!’

याच्या बाजूला उभे राहा. मी तरी राहतो. यश चोप्रांनी घंटा वाजवल्या, मूर्ती दाखवली, तरी या माणसानं विजयला त्याच्या मतासकट बाहेर काढलं.

मावशी सांडलेले गहू गोळा करून आत्ता बाहेर येतायत. बस आलीय, त्यांना घाई आहे. ‘कशाला भांडताय? देवानं बोलावलं, पोर आलं,’ असं म्हणत त्या फूटबोर्डवर पाय ठेवतात. कंडक्टर घंटी मारतो, आणि तो बुटका गडी चहा सांडवत बसमागे धावत ओरडतोय, ‘देवानं नाही मावशी, आईनं! आईनं!’