हैदराबादची ‘हेब्रोन’ मंडळी : एका पंगतीचा धर्म

गोव्यात चर्च म्हटले की आर्चबिशप, पाद्री, गावचे फेस्त अशी शतकानुशतके रुळलेली व्यवस्था डोळ्यांपुढे येते. हैदराबादच्या गोलकोंडा क्रॉस रोड्स भागातील ‘हेब्रोन’ मंडळीत यांपैकी काहीही नाही. (या चौकाचा प्रसिद्ध किल्ल्याशी संबंध केवळ नावापुरता; किल्ला शहराच्या पश्चिमेस आहे.) बिशप नाही, वेदीवरची ठरीव उपासना नाही आणि ठरलेल्या वेतनावर नेमलेला धर्मगुरूही नाही.

मंडळीचे संस्थापक बक्त सिंग यांचा जन्म १९०३ मध्ये पंजाबातील एका शीख कुटुंबात झाला. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी ते इंग्लंडला व पुढे कॅनडाला गेले आणि १९२९ मध्ये विनिपेग येथे त्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. १९३३ साली मुंबईत उतरल्यावर आईवडिलांनी त्यांना ही श्रद्धा गुप्त ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ती नाकारली, घर दुरावले आणि मुंबईच्या रस्त्यांवरच त्यांच्या प्रचारकार्याला आरंभ झाला. १९४१ मध्ये मद्रासला पहिली मंडळी स्थापन झाली. हैदराबादचे हेब्रोन १९५० चे. अब्राहामाने वेदी बांधली त्या बायबलमधील स्थळावरून हे नाव आले.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आरंभीच्या ख्रिस्ती लोकांच्या चार गोष्टी नमूद आहेत : प्रेषितांची शिकवण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना. मंडळीने हाच आपला आराखडा मानला. कारभार स्थानिक वडीलजनांकडे असतो आणि प्रत्येक ठिकाणची मंडळी आपल्या जागी स्वतंत्र असते. पैशांसाठी जाहीर आवाहन करायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत मांडायची, हा बक्त सिंगांचा कटाक्ष होता. परदेशी मिशनांच्या निधीवर चालणाऱ्या संस्थांच्या त्या काळात ही भूमिका धाडसाचीच होती.

उपासनेचे रूपही देशी ठेवले गेले. पादत्राणे बाहेर काढून चटयांवर बसायचे, भारतीय चालींवर गायचे आणि सामान्य सदस्यानेही उठून प्रार्थना करायची. रविवारची सभा कित्येक तास चालते आणि शेवटी सर्वांचे प्रीतिभोजन होते.

या भोजनाचे मोल तेलुगू प्रदेशातील समाजरचना जाणल्याखेरीज कळत नाही. तेथील बहुसंख्य ख्रिस्ती माला आणि मादिगा या दलित समाजांतून आलेले. या दोघांतही परस्परांत रोटीबेटी व्यवहार नसे. धर्मांतराने देव बदलला तरी पंगत बदलली नव्हती. गोव्यालाही हे अपरिचित नाही. काही गावांतील कोंफ्रारियांच्या सदस्यत्वावरून जातीचे वाद झालेलेच आहेत. समतेवर प्रवचन देणे सोपे असते. इथे उच्चवर्णीय, दलित, शिकलेला, मजूर असे सारे जमिनीवर शेजारी बसून तोच भात आणि तेच कालवण दर रविवारी जेवत. वार्षिक ‘पवित्र मेळाव्या’त हीच पंगत हजारोंची होई, तीही कोणतेही शुल्क न घेता.

समतेला मर्यादाही होत्या. स्त्रिया डोक्यावर पदर घेऊन वेगळ्या बाजूस बसतात आणि वडीलजन पुरुषच असतात. त्याचप्रमाणे, पदे नाकारणाऱ्या या मंडळीत संस्थापकाच्या शब्दाला कोणत्याही बिशपाइतके वजन आले. अधिकाराचे नाव पुसले म्हणजे अधिकार नाहीसा होतोच असे नाही.

पार्किन्सनच्या आजाराने अंथरुणास खिळलेल्या बक्त सिंगांचे अखेरचे दिवस हेब्रोनमध्येच गेले. १७ सप्टेंबर २००० रोजी त्यांचे निधन झाले आणि विशाल जनसमुदायाच्या उपस्थितीत नारायणगुडा येथील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या आज देशात आणि देशाबाहेरही आहेत. त्यांचा कारभार आपापल्या ठिकाणचे वडीलजन पाहतात.