गहू परका, कढई घरची

नायजेरियात बारसं असो की लग्न, पाहुण्यांपुढच्या तळणात पफ-पफ हमखास असतो. घानात त्याला बोफ्रोट म्हणतात, काँगोत मिकाते. घरोघरची कृती साधारण एकच. मैदा, साखर, यीस्ट, चिमूटभर मीठ आणि जायफळ कोमट पाण्यात सैलसर कालवायचं आणि तासभर फुगू द्यायचं. मग पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळा दाबून काढायचा नि गरम तेलात सोडायचा.

मैदा आणि यीस्ट पाहून अनेकजण याचं मूळ युरोपात शोधतात. डच लोक तसेच गोड गोळे तळतात आणि १६३७ ते १८७२ या काळात घानाच्या किनाऱ्यावरचा एल्मिनाचा किल्ला त्यांच्याच ताब्यात होता. त्यामुळे हे नातं अशक्य नाही. पण एवढ्यावर थांबलं तर पश्चिम आफ्रिकेतल्या कढईवर अन्याय होतो.

चवळी ही पश्चिम आफ्रिकेचीच, तेलमाडही तिथलाच. चवळी भिजवून, सोलून, वाटून, फेटून पाम तेलात तळलेला अकारा योरुबा बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या स्त्रियांबरोबर तो समुद्रापार गेला आणि बाहियात आकाराजे झाला. तो विकणाऱ्या बायकांच्या कसबाची २००५ साली ब्राझीलने राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. फेटलेलं पीठ तेलात सोडून चौकात विकण्याची विद्या या बायकांना मैद्याने शिकवली नाही.

नायजेरियात गहू दोन वाटांनी आला. उत्तरेत तो सहारा ओलांडून पोचला. तिथले हाउसा लोक गव्हाचं पीठ तळून पाकात बुडवतात आणि अल्काकी करतात. दक्षिणेच्या दमट किनाऱ्यावर गहू पिकत नाही, म्हणून तिथे मैदा जहाजांतून यायचा आणि महाग पडायचा. यीस्ट मिळत नसे तेव्हा पाव ताडीने फुगवत, गोव्यात पोदेर म्हणजे पाववाले सूर म्हणजे माडाची ताडी वापरत तसाच. १९१३ मध्ये रेल्वेत कारकुनी करायला जमैकाहून आलेल्या एमॉस शॅकलफर्ड यांनी १९२१ साली लागोसमध्ये बेकरी काढली आणि पाव सामान्यांच्या सवयीचा झाला. १९६२ मध्ये लागोसच्या अपापा बंदरात मोठी पीठगिरणी सुरू झाल्यावर मैदा आणखी सहज मिळू लागला.

या सोयीची किंमतही मोजावी लागली. परक्या गव्हावरचं अवलंबित्व तोडायला १९८७ मध्ये नायजेरियाच्या सरकारने गव्हाच्या आयातीवर बंदी घातली, ती १९९२ पर्यंत टिकली. पण देशात पिकणाऱ्या गव्हाने गरज भागली नाही. आजही नायजेरियाचा बहुतेक गहू बाहेरूनच येतो.

म्हणून पफ-पफची वंशावळ लिहिताना गव्हाच्या जहाजांना त्यांची जागा द्यावी, पण मूळपुरुष ठरवू नये. परका मैदा जिने आपलासा केला ती अकारा तळणारी बाई या घराण्याची खरी आदिमाता आहे, आणि वंशावळीत पहिलं नाव तिचंच हवं.