मराठी शोधासाठी स्वतःचा ‘शोधक’ क्लास: एसक्यूलाइटभोवती रॅपर कसा बांधायचा?

समजा, कणकवली तालुक्यातल्या फोंडाघाटसाठी तुम्ही ऑफलाइन अॅप बनवताय. त्यात एसटीच्या वेळा आहेत, ग्रामपंचायतीच्या सूचना आहेत, राधानगरीकडे जाणाऱ्या घाटरस्त्याची माहिती आहे. पावसाळ्यात कोणी ‘दरड’ शोधलं आणि सूचना असूनही अॅपने ‘काही सापडलं नाही’ म्हटलं, तर तो माणूस बिनधास्त घाटात गाडी घालेल. म्हणून शोध नीट चालायलाच हवा.

लायब्ररी कोणती?
एसक्यूलाइट हा २००० साली आलेला छोटा डेटाबेस अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत असतो. त्याचा मजकूर शोधणारा भाग म्हणजे एफटीएस५, तो २०१५ मध्ये आला. तुमच्या आवृत्तीत तो चालू आहे का, हे आधी तपासा.

रॅपर म्हणजे काय?
लायब्ररीच्या बारीकसारीक आज्ञा एका क्लासच्या आत ठेवायच्या आणि बाहेर मोजक्याच मेथड द्यायच्या. आपल्या ‘शोधक’ क्लासला दोनच पुरेत: ‘जोड’ (नवा मजकूर भरायला) आणि ‘शोध’ (शब्द शोधायला). पायथन ३ मध्ये ही नावं देवनागरीतही चालतात. उद्या लायब्ररी बदलली तरी बाकीच्या अॅपला हात लावावा लागत नाही.

आत काय काय सांभाळायचं?

*१. काना-मात्रा.* एफटीएस५ चा नेहमीचा टोकनायझर फक्त अक्षरं आणि अंक धरतो. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार ‘चिन्हं’ या वेगळ्या गटात येतात, त्यामुळे तिथे शब्द तुटतो. ‘फोंडाघाट’चे तुकडे होतात फ, ड, घ, ट. ‘वाडा’ आणि ‘वाडी’ दोन्ही व, ड होतात. मग वाडा शोधला की वाडीही हजर! उपाय सोपा आहे: टेबल बनवताना टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ सेटिंगमध्ये चिन्हांचे गटही जोडा.

*२. दर्या की दऱ्या?* ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला मात्र वेगळं. ते अदृश्य चिन्ह सरसकट पुसलं तर घाटातल्या दऱ्यांचा मालवणचा दर्या होतो! म्हणून आधी ‘र, हलंत, अदृश्य चिन्ह’ याच्या जागी ‘ऱ, हलंत’ ठेवा, उरलेली चिन्हं मग काढा. ही सफाई ‘शुद्ध’ नावाच्या आतल्या मेथडमध्ये ठेवा. ‘जोड’ आणि ‘शोध’ दोघांनीही तीच वापरायची. एकीकडे केली आणि दुसरीकडे विसरली, तर जुळणी होणारच नाही.

*३. विभक्ती.* लोक ‘फोंडाघाट’ शोधतात, मजकुरात ‘फोंडाघाटात’ असतं. शब्दाच्या शेवटी तारा लावली की एफटीएस५ त्या सुरुवातीचे सगळे शब्द शोधतो. ‘रस्ता’ला मात्र हे पुरत नाही, कारण त्याचं ‘रस्त्यावर’ होतं. तिथे शेवटचा काना काढून ‘रस्त’ शोधा. नुसतं ‘फोंडा’ शोधल्यास गोव्यातलं फोंडाही येईल, त्यामुळे तालुक्याचा वेगळा कॉलम ठेवा.

*४. वापरणाऱ्याने काहीही टाइप केलं तर?* अर्धवट अवतरणचिन्ह किंवा डॅश आला की एफटीएस५ एरर देतो. प्रत्येक शब्द दुहेरी अवतरणात गुंडाळा, आतलं अवतरण दोनदा लिहा आणि तारा अवतरणाच्या बाहेर ठेवा.

निकाल देताना
सफाई केलेला मजकूर शोधापुरता, मूळ मजकूर वेगळ्या कॉलममध्ये. वाचणाऱ्याला नेहमी मूळच दाखवा.

तपासणी
‘वाडा’, ‘दऱ्या’ (दोन्ही प्रकारे), ‘रस्ता’ आणि ‘फोंडाघाट’ या चार शब्दांची टेस्ट लिहून ठेवा. कोडमध्ये काहीही बदललं की ती आधी चालवा.