शंभर येनचे पुस्तक आणि साकाताचे संग्रहालय

छायाचित्र ही मुळातच पुनःपुन्हा काढता येणारी वस्तू. एका निगेटिव्हवरून शंभर प्रती निघतात. मग अशा वस्तूसाठी, आणि तीही एकाच माणसाच्या हातची असताना, स्वतंत्र संग्रहालय कशाला, असे कोणी विचारले तर ते गैर नव्हे. जपानातील साकाता या बंदराच्या गावाने त्याला जे उत्तर दिले, ते आम्हांस विचार करण्याजोगे वाटते.

केन दोमोन यांचा जन्म १९०९ साली साकातास झाला. पण बालपणीच त्यांचे गाव सुटले. पुढे युद्धोत्तर जपानात वास्तववादी छायाचित्रणाचे ते अध्वर्यू ठरले. माणसाला सजवून, मुद्दाम उभे करून चित्र घेऊ नये, हा त्यांचा आग्रह. १९५७ साली ते हिरोशिमास गेले. बाँब पडून बारा वर्षे लोटली होती, तरी त्याच्या जखमांवरील शस्त्रक्रिया संपल्या नव्हत्या. जगाला जे विसरावेसे वाटत होते, ते त्यांनी १९५८ च्या ग्रंथात समोर मांडले. त्यानंतर ते क्यूशू बेटावरील चिकुहोच्या कोळसापट्ट्यात गेले. खनिज तेलापुढे कोळसा हटत होता, खाणी बंद पडत होत्या आणि बेकार खाणकामगारांची मुले उपाशी होती. त्या मुलांचे पुस्तक १९६० साली निघाले, ते जाड्याभरड्या कागदावर, अवघ्या शंभर येनला! गरिबांची चित्रे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकून पडू नयेत, हाच त्यामागील भाव होता.

ज्याने आपली कला अशी मोकळी सोडली, तिला भिंतींच्या आड ठेवणे हा विरोधाभास नव्हे काय? आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु पुढचा इतिहास पाहा. १९६८ साली पक्षाघाताचा दुसरा झटका येऊनही दोमोन चाकांच्या खुर्चीतून प्राचीन मंदिरांची चित्रे घेत राहिले. १९७४ साली साकाताने त्यांना आपले पहिले सन्माननीय नागरिक केले, तेव्हा त्यांनी आपले सारे काम गावाच्या स्वाधीन केले. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९७६ मध्ये, गावाच्या मध्यभागी भीषण आग लागली आणि सतराशेहून अधिक इमारती भस्मसात झाल्या. घरे उभारायची की चित्रे जपायची, असा पेच कोणत्याही गावाला पडला असता. तरीही १९८३ साली तळ्याकाठी, योशिओ तानिगुची यांनी रचलेली संग्रहालयाची वास्तू उभी राहिली. आज तेथे छायाचित्रांचा मोठा ठेवा आहे.

मात्र ज्याचे हे मंदिर, त्याने ते पाहिलेच नाही. १९७९ साली तिसरा झटका आला, दोमोन यांची शुद्ध हरपली, आणि तशाच अवस्थेत अकरा वर्षे काढून १९९० साली ते निवर्तले.

स्वस्त पुस्तक चित्राला आजच्या माणसापर्यंत नेते. पण त्याचा कागद पिवळा पडतो, विरतो. निगेटिव्हदेखील निगा राखली नाही तर नासते. प्रसार हे कलावंताचे काम, जतन हे समाजाचे. दोमोन यांनी पहिले केले आणि दुसरे विश्वासाने गावावर सोपविले. दाता आभारांचा एक शब्दही ऐकू शकत नसताना, स्वतः आगीत होरपळलेल्या गावाने तो विश्वास राखला. संग्रहालय म्हणजे दिलेला शब्द पाळण्याची जागा, एवढेच आम्ही यातून शिकलो.