झिजलेला रुपया आणि गोठलेलं साल

जुनं चांदीचं नाणं दिसलं की आपल्याकडे पहिला शब्द येतो, ‘राणीछाप’. पण समजा, कळमेश्वरच्या एखाद्या देव्हाऱ्यातला रुपया तुमच्या हातात आला आणि त्यावर राणी नाही, इंग्रजी अक्षर नाही. फारसी लिपीची चार-दोन वळणं उरलीत, बाकी सगळं गुळगुळीत. तो कधीचा आणि कुठल्या टांकसाळीतला, हे कसं ठरवायचं?

आधी चांगल्या स्थितीतल्या रुपयावर काय असतं ते बघू. मुघल पद्धतीच्या रुपयावर एका बाजूला बादशाहाचं नाव असतं. दुसऱ्या बाजूला ‘जुलूस’ म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं वर्ष, आणि ‘जर्ब’ या शब्दासोबत टांकसाळीचं नाव. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात अडचण अशी की ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. त्यामुळे कडेचा मजकूर, त्यात बऱ्याचदा टांकसाळीचं नाव, नाण्यावर उमटतच नाही. म्हणजे झिजण्याआधीच अर्धी माहिती गेलेली!

मग आपण खुणा शोधतो. पेशवाईतला ‘अंकुशी’ रुपया ओळखला जातो तो त्यावरच्या अंकुशामुळे. मराठा नाण्यांवरच्या अशा खुणांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ हाताशी लागतोच. नाणं तिरप्या उजेडात धरायचं, पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायची, वजन करायचं. पूर्ण रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा. झिजलेलं नाणं हलकं होतं, जड कधीच होत नाही. म्हणून वजन बघून ते नाणं काय नाही एवढंच कळतं.

खरी गंमत पुढे आहे. सगळं नीट वाचता आलं तरी ते खरं असेलच असं नाही.

नागपूरकर भोसल्यांनी स्वतःच्या नावाने नव्हे, तर मुघल बादशाहाच्या नावाने रुपये पाडले. कटक १७५१ ते १८०३ त्यांच्याकडे होतं. तिथल्या रुपयांवर अहमदशाह बहादूरचं नाव त्याची कारकीर्द १७५४ मध्ये संपल्यावरही चालू राहिलं. ईस्ट इंडिया कंपनीने तर वर्षच गोठवलं. कंपनीच्या फर्रुखाबादी रुपयावर शाहआलमचं राज्यवर्ष ४५ असतं, म्हणजे साधारण १८०३. शाहआलम १८०६ मध्ये वारला, पण हे ‘४५’ १८३५ पर्यंत छापलं जात होतं. आणि नाव फर्रुखाबादचं असलं तरी असे रुपये बनारस, कलकत्ता आणि आपल्याला जवळच्या सागरच्या टांकसाळीतही निघत.

असं का? कारण बट्टा. नाणं जुनं झालं की चांदी तेवढीच असूनही सराफ त्याची किंमत कापायचे. सगळ्याच नाण्यांवर एकच वर्ष टाकलं तर जुनं-नवं ओळखणारच कसं? सराफांचा बट्टा थांबवायला केलेली युक्ती आज आपल्याला नडते.

इथे काठ मदतीला येतो. कंपनीचे यंत्रावरचे रुपये गोल आणि एकसारखे असतात. १८१९ च्या सुमारापर्यंत फर्रुखाबादी रुपयाच्या काठावर तिरप्या रेषा होत्या, त्यानंतर उभ्या आल्या, आणि १८३३ च्या सुमारास काठ साधा झाला. दर्शनी मजकूर पुसला गेला तरी काठावर कुठेतरी दोन-चार रेषा टिकतात. उभ्या दिसल्या तर नोंद अशी होते: ‘नाव फर्रुखाबाद, काळ अंदाजे १८१९ ते १८३३, प्रत्यक्ष टांकसाळ अनिश्चित.’ हे उत्तर अपुरं वाटतं, पण प्रामाणिक आहे. नाण्यावरचं ‘४५’ वाचून ‘१८०३’ लिहिणं नेमकं दिसतं, आणि चुकीचं असतं.

या सोळा ते तीस वर्षांच्या फरकाने काय बिघडतं? बरंच. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईआधी नागपूर राज्यात कंपनीची सत्ता चालत नव्हती. १८२१ मध्ये कामठीची छावणी आली, पण राज्य १८५३ पर्यंत भोसल्यांचंच होतं. म्हणजे कळमेश्वरात कंपनीचा रुपया सापडला तर तो परराज्याचा पैसा. तो व्यापारातून आला, पगारातून आला की खूप नंतर कुणाच्या सामानातून, हे प्रश्न साल नीट ठरल्यावरच विचारता येतात. तोच रुपया भोसल्यांचा निघाला तर गोष्टच वेगळी. आणि संस्थानी टांकसाळी १८३५ नंतरही चालू होत्या, त्यामुळे ‘फारसी अक्षरं म्हणजे १८३५ पूर्वीचं’ हा ढोबळ नियमही चालत नाही.

म्हणून एक विनंती. असं नाणं चिंच किंवा राखेने घासू नका, काठ तर मुळीच नाही. सोनाराकडे मोडीत द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे आणि काठाचेही फोटो काढा, वजन लिहा, घरात ते कुणाकडून आलं तेही लिहा. जमिनीत सापडलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. मोडीत त्याला चांदीचा भाव मिळेल. पण काठावरच्या चार रेषा एकदा वितळल्या की त्या रुपयाचं साल परत कुणालाच काढता येणार नाही.