स्ट्रॉबेरीवरील मावा व विषाणुरोग

स्ट्रॉबेरीच्या पानांच्या खालच्या अंगास, कोवळ्या देठांवर व गाभ्यातील न उमललेल्या पानांच्या घडीत वस्ती करून रस शोषणारे मृदुकाय कीटक आणि त्यांच्या सोंडेवाटे एका रोपातून दुसऱ्या रोपात जाणारे विषाणू यांच्या संयोगाने उद्भवणारा हा रोगसमूह होय. महाराष्ट्रात या पिकाची मुख्य लागवड सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या जावळी व वाई या तालुक्यांत होत असल्यामुळे या विषयाचे व्यावहारिक महत्त्वही प्रामुख्याने त्याच मुलखात आहे. मावा डोळ्यांस दिसतो आणि विषाणू दिसत नाही, त्यामुळे बागायतदाराचे लक्ष आणि खर्च किडीच्या पाठीमागे जातो. वस्तुतः रोगाचा उगम बहुधा रोपवाटिकेत असतो, आणि तेथे जे साधते ते फळांनी लगडलेल्या शेतात कितीही फवारण्या केल्या तरी साधत नाही.

मावा हा अर्धपंखी गणाच्या ॲफिडिडी कुलातील कीटक होय. एक ते तीन मिलिमीटर लांबीच्या या कीटकाच्या उदराच्या मागील भागी दोन सूक्ष्म नलिका असतात व त्यांवरून तो सहज ओळखता येतो. उष्ण प्रदेशात त्याच्या माद्या नराशी संयोग न होता थेट पिलांना जन्म देतात. इतकेच नव्हे, तर जन्माला येणाऱ्या पिलाच्या उदरात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते, आणि म्हणून ढगाळ व थंड हवेचे काही दिवस लागोपाठ मिळाले की एका मादीची वसाहत व्हावयास वेळ लागत नाही. शोषलेल्या रसातील जादा साखर तो मधासारख्या चिकट द्रवाच्या रूपाने बाहेर टाकतो. ज्वारीच्या पानांवर पडणारा जो चिकटा आपल्याकडील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, तो हाच. या गोडीवर मुंग्या जमतात व काजळीसारखी काळी बुरशी वाढते. वसाहतीत दाटी झाली किंवा रोप निबर होऊ लागले, की बिनपंखी माद्यांच्या पोटी पंखयुक्त पिढी निपजते. ही पिढी वाऱ्याबरोबर दूरवर जाते आणि विषाणूंच्या प्रसाराच्या दृष्टीने तीच सर्वांत धोक्याची होय.

जगातील बहुतेक स्ट्रॉबेरी-प्रदेशांत विषाणूंचा प्रमुख वाहक म्हणून कीटोसायफॉन फ्रॅगीफोली ही फिकट पिवळसर-हिरव्या रंगाची, अंगावर गाठाळ टोकांचे केस असलेली जाती ओळखली जाते. ती जवळजवळ स्ट्रॉबेरीवरच जगते. याशिवाय कपाशीवरील मावा (ॲफिस गॉसिपी) व हिरवा मावा (मायझस पर्सिकी) या बहुभक्षी जातीही या पिकावर येतात. या दोन जातींना कपाशी, मिरची, वांगी, बटाटा, कोबी असे अनेक आश्रय महाराष्ट्रभर उपलब्ध असल्यामुळे केवळ स्ट्रॉबेरीच्या शेतापुरता बंदोबस्त करून त्यांचा निकाल लागत नाही.

माव्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंपैकी चार विशेष महत्त्वाचे आहेत : चट्टेरी विषाणू, पाने आकसविणारा सुरकुती विषाणू, कडा पिवळ्या करणारा विषाणू आणि शिरांलगत पिवळे पट्टे उमटविणारा विषाणू. हे चारही स्वतंत्र असून निसर्गात ते बहुधा एकत्र आढळतात, आणि त्यामुळे संशोधकांना दीर्घकाळ एकाच रोगाचा भास होत राहिला. इंग्लंडमध्ये प्रेंटिस या संशोधकाने १९४० नंतरच्या दशकात या मिश्रणाची उकल केली. प्रत्येक विषाणू माव्याच्या अंगी किती काळ टिकतो यात मोठा फरक असतो. तेव्हा रोगी रोपावर पोसलेला मावा ठराविक अंतराने एकामागून एका निरोगी रोपावर बसविला, तर मिश्रणातील विषाणू आपोआप वेगळे होतात, हे त्याच्या पद्धतीचे मर्म होते. साध्या साधनांनी केलेले इतके निर्णायक काम वनस्पतिरोगशास्त्राच्या इतिहासात क्वचितच आढळते.

या टिकाऊपणाच्या भेदावरच नियंत्रणाचा सारा विचार उभा आहे. चट्टेरी विषाणू माव्याच्या सोंडेस अल्पावधीत लागतो आणि काही तासांतच नाहीसा होतो. परंतु तेवढ्या वेळात मावा शेजारच्या दोन-चार रोपांची चव घेऊन मोकळा झालेला असतो. कीटकनाशकाने मावा मरतो हे खरे, पण मरण्यापूर्वी तो विषाणू टोचून चुकतो. सबब बाहेरून उडून येणाऱ्या माव्याकडून होणारी या वर्गातील विषाणूंची लागण फवारणीने थांबत नाही. सुरकुती विषाणूची गोष्ट निराळी. तो माव्याच्या शरीरात शिरून तेथेच आपली संख्या वाढवितो, कित्येक दिवसांचा सुप्तकाळ लोटल्यावर मावा संसर्गक्षम होतो आणि मग आमरण तसाच राहतो. येथे वेळीच केलेल्या उपाययोजनेस अवसर असतो, कारण मावा विषाणू पसरवू लागण्यापूर्वीच मारला जाण्याचा संभव असतो.

स्ट्रॉबेरीच या संकटास इतकी वश का, याचे उत्तर तिच्या वंशवृद्धीच्या रीतीत आहे. आज लागवडीत असलेली मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात यूरोपात उपजली : उत्तर अमेरिकेतील एक जाती आणि १७१४ साली फ्रेझिये या फ्रेंच लष्करी अभियंत्याने चिलीहून फ्रान्समध्ये आणलेली दुसरी जाती यांचा तो संकर होय. अशा संकराच्या बियांपासून मातेसारखे रोप मिळत नाही. म्हणून मातृरोपास फुटणाऱ्या धावत्या खोडांवर, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील रनरवर, जी रोपे धरतात तीच लावावी लागतात. बियांच्या मार्गाने पुष्कळसे विषाणू गाळले जातात. रनरच्या मार्गाने काहीच गाळले जात नाही. मातृरोप बाधित असेल तर त्याची शेकडो लेकरे बाधितच जन्मतात, आणि कोठलाही मावा उडण्यापूर्वीच रोग बिऱ्हाडासह नव्या शेतात दाखल होतो.

यावर आणखी एक अडचण आहे. व्यापारी वाणांत एकटादुकटा विषाणू बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही. रोप हिरवेगार दिसते आणि आत विषाणू वाहते. दोन-तीन विषाणू एकत्र आले, की मग पाने लहान राहतात, कडा पिवळ्या पडून पान द्रोणासारखे वळते, रनर कमी सुटतात, फळे बारीक येतात आणि झाड वर्षागणिक बसत जाते. हे सुप्त विषाणू उघडकीस आणण्यासाठी केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात हॅरिस याने रानटी स्ट्रॉबेरीचा निदर्शक वनस्पती म्हणून उपयोग रूढ केला; संशयित रोपाचा अंश तिच्यावर जोडला असता लपलेला विषाणू तिच्या पानांवर स्पष्ट प्रकट होतो. पुढे उष्णतोपचार व प्ररोहाग्राच्या सूक्ष्म ऊतीपासून रोप वाढविण्याचे तंत्र यांच्या योगाने बाधित वाणही विषाणुमुक्त करता येऊ लागले. सध्याची प्रमाणित रोपे याच परंपरेतून येतात. तथापि प्रमाणपत्र म्हणजे अभेद्य कवच नव्हे. २०१२-१३ च्या सुमारास कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात चट्टेरी व पिवळ्या कडांचा असे दोन्ही विषाणू फैलावले आणि तेथील रोपांबरोबर ते अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांतही पोचले.

साताऱ्याच्या डोंगराळ भागातील परिस्थितीचे वैशिष्ट्य आता ध्यानात येईल. १८२९ साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचे पठार इंग्रजांकडे गेले, गव्हर्नर माल्कम याने तेथे थंड हवेचे ठाणे वसविले आणि विलायती भाज्या-फळांबरोबर स्ट्रॉबेरीही इंग्रजी अमदानीत या लाल मातीत रुजली. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन मिळाले. भिलार, खिंगर, राजपुरी, भोसे, मेटगुताड या गावांचे अर्थकारण या फळावर उभे आहे. भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून सर्वत्र ज्ञात झाले असले, तरी गावाची ओळख त्याआधीपासून स्ट्रॉबेरीचीच आहे.

महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्यात रोप जगविणे दुष्कर, म्हणून परदेशांतून, मुख्यतः कॅलिफोर्नियातून, आणलेली मातृरोपे पूर्वेकडील कमी पावसाच्या वाई-पांचगणी पट्ट्यात वाढवून त्यांच्यापासून रनर घेतले जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती रोपे गादीवाफ्यांवर, ठिबकच्या नळ्या व मल्चिंगचा कागद अंथरून, लावली जातात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत तोडे चालतात आणि पावसापूर्वी पीक संपते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा चँडलर, फ्लॉरिडा विद्यापीठाचे स्वीट चार्ली व विंटर डॉन हे वाण याच वाटेने येथे आले.

या वार्षिक रिवाजाचा आरोग्याच्या दृष्टीने फार मोठा लाभ आहे. जेथे तेच झाड तीन-चार वर्षे शेतात ठेवतात, तेथे दरसाल विषाणूंची भर पडत जाते. येथे पीक एकसाली असल्याने ती साखळी दर पावसाळ्यात तुटते. ज्या दिवशी शेतकरी मातृरोपांचा खर्च वाचविण्यासाठी गतवर्षीच्या फळशेतातलेच रनर धरतो, त्या दिवशी ती पुन्हा सांधली जाते. आयात मातृरोप महाग असते आणि लहान बागायतदारास तो भार जड जातो, हे मान्यच करावे लागेल. परंतु हा खर्च चैनीचा नसून पिकाच्या प्रकृतीचा आहे. मातृरोपांपासून वाढविलेल्या रोपांवाचून लागवड करू नये, आणि रोपवाटिका फळशेतापासून दूर, शक्य तर कीटकरोधी जाळीच्या आत असावी, हे या नोंदीतील सर्व उपायांत श्रेष्ठ मानावे.

परदेशी रोपांच्या आयातीवर घातक कीड-रोगांसंबंधीच्या १९१४ च्या कायद्याचा व त्याखाली २००३ साली निघालेल्या आदेशाचा अंमल चालतो. आयात परवाना, निर्यातक देशाचा वनस्पति-आरोग्याचा दाखला आणि बंदरावरील तपासणी यांविना माल आत येत नाही. मात्र नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तपासणीस सुप्त विषाणू सापडणे शक्य नाही; त्यासाठी प्रयोगशाळेतील रक्तरसशास्त्रीय किंवा न्यूक्लिइक अम्लाच्या परीक्षेचाच आधार घ्यावा लागतो. शेतातील निदानातही अशीच सावधगिरी हवी. पाने आकसण्यास कोळी, पिवळी पडण्यास लोहाची उणीव, आणि रोप खुजे राहण्यास मुळांचे रोग कारण असू शकतात. तेव्हा प्रत्येक पिवळ्या पानास विषाणू म्हणणे जितके चूक, तितकेच ते प्रत्येक वेळी खताच्या मात्रेने सुधारेल असे मानणेही चूक.

सातारा-सांगलीच्या ऊसकऱ्यांना ही मीमांसा अपरिचित नाही. उसाचा केवडा रोगही विषाणुजन्य, माव्यामार्फत आणि रोगट बेण्यातून पसरणारा. कांडीपासून लागवड होत असल्यामुळे त्याची वाटचाल स्ट्रॉबेरीच्या विषाणूंसारखीच होते. म्हणूनच मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशा तीन पायऱ्यांच्या बेणे मळ्याची पद्धत त्या पिकात रुजविण्यात आली. फलटण तालुक्यातील पाडेगाव येथे १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. स्ट्रॉबेरीसही तेवढ्याच शिस्तीचा मातृरोप-मळा याच जिल्ह्यात उभा राहावा, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

माव्याच्या नैसर्गिक शत्रूंचे मोल सांगलीने सर्वांस शिकविले. २००२ च्या जुलैत त्या जिल्ह्यातील उसावर पांढरा लोकरी मावा प्रथम दिसला. अल्पावधीत तो कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव भागात फैलावला. हा मावा विषाणूंसाठी नव्हे, तर रसशोषणासाठी व पानांवरील काजळीसाठी घातक ठरला. उंच, दाट उसात फवारणी पुरी पोचेना, आणि अखेर त्यास आवर घातला तो डिफा या पतंगाच्या अळ्यांनी, मायक्रोमस या जाळीदार पंखांच्या भक्षकाने व आसामातून आणून सोडलेल्या एन्कार्सिया या परोपजीवी कीटकाने. स्ट्रॉबेरीवरही ढालकिडे, क्रायसोपा आणि सिरफिड माशीच्या अळ्या माव्यावर उपजीविका करतात. त्यांच्यामुळे संख्येस आळा बसतो. काही मिनिटांत टोचून जाणाऱ्या पंखयुक्त माव्यास मात्र ते अडवू शकत नाहीत, ही मर्यादा ओळखून त्यांचा उपयोग करावा.

रासायनिक औषधांच्या बाबतीत दोन गोष्टींचे भान असावे. हे फळ सालीसकट खाल्ले जाते व तोडे एक-दोन दिवसांआड चालतात, म्हणून औषधाचा अंश फळात उतरण्याचे भय इतर फळांहून अधिक असते. शिवाय फुलोऱ्यात मधमाश्या परागीकरण करतात. ज्या महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झाले, तेथे दिवसा, फुलांवर फवारणी करणे हे दोन उद्योगांचे एकदम नुकसान होय. पीक फुलावर येण्यापूर्वी निंबोळी अर्क, व्हर्टिसिलियम लेकॅनी ही माव्याला रोगी करणारी बुरशी आणि पिवळे चिकट सापळे यांवर भर द्यावा. चंदेरी मल्चिंगच्या चकाकीने उडता मावा उतरण्यास कचरतो, हेही उपयोगी पडते. रोपवाटिकेत विषाणूचा संशय असलेले रोप दिसल्यास ते उपटण्यापूर्वी त्यावरील मावा मारावा, अन्यथा विस्कटलेला मावा शेजारच्या रोपांवर चालत जातो. आणि उपटलेली रोपे बांधावर न टाकता खोल पुरून टाकावीत.