रांजणातील बाळंतीण

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काहीतरी लिहा, पण घरातली लहानथोर सारी वाचतील असे लिहा, अशी संपादकांची सूचना आली. आमच्या बीड जिल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. बीडला कंकालेश्वर आहे, सलाबतखानाने १५८२ साली बांधवलेली खजाना विहीर आहे, अंबाजोगाईला योगेश्वरी आहे, परळीला वैजनाथ आहे. यांपैकी कशावरही चार पाने सहज झाली असती. पण लिहायला बसलो तेव्हा समोर खिडकीत काचेची बरणी होती आणि तिच्यात एक इंच-दीड इंच लांबीची, पोट फुगलेली मासळी संथपणे फिरत होती. म्हटले, राजेरजवाड्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. यंदा हिचा लिहावा.

वाचकांनी हसू नये. या मासळीला खरोखरच इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा माझ्या घरापर्यंत येऊन पोचलेला आहे. आधी घरचेच सांगतो.

२०१५ साल. पावसाने पाठ फिरवलेली. आमच्या गावी नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येई. नळ आला की घरात लग्नघाई. रांजण, पिंपे, घागरी, कळशा, शेवटी पोरांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा भरायच्या. माझी पत्नी त्या पाण्याचा हिशोब सोन्यासारखा ठेवी. भाजी धुतलेले पाणी तुळशीला, कपड्यांचे पाणी न्हाणीला. आणि त्याच दिवसांत आमची धाकटी मुलगी तापाने फणफणली. तेव्हा ती चौथीत होती. अंग दुखे, डोळे दुखत, अंगावर लाल पुरळ उठले. रक्त तपासले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आहे मास्तर." पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी रक्तातल्या त्या पेशींचे आकडे ऐकण्यात घालवले. आकडा उतरला की जेवण उतरत नसे. नवव्या दिवशी पोरीने आपण होऊन भाकरी मागितली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

पोर घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवक दारात उभा राहिला. त्याने बॅटरीचा झोत रांजणात टाकला. म्हणाला, "या बघा अळ्या. हे पाणी सांडून द्या, रांजण घासून कोरडा करा. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा असतो." पत्नी रांजणाच्या आड येऊन उभी राहिली. "आमच्याकडं नऊ दिवस कोरडेच असतात, भाऊ. हे पाणी सांडलं तर पोरीला काय पाजू?" तोही मराठवाड्याचाच. त्याच्याच घरी दुसरी कोणती तऱ्हा असणार? तो खाली पाहू लागला.

हा आमच्या मुलखाचा खरा पेच आहे. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे जिथे पाणी दहा दिवसांनी येते, तिथे बाईने जिवापाड जपलेला रांजणच पोराच्या जिवावर उठतो. दुष्काळ आणि ताप ही एकाच पाण्याची दोन लेकरे.

दुसऱ्या दिवशी तोच आरोग्यसेवक परत आला. या खेपेला हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत दहा-बारा गप्पी मासे. म्हणाला, "वहिनी, पाणी सांडू नका. हे सोडा त्यात."

गप्पी! नावच गमतीचे. पोरांना वाटले, हे मासे गप्पा मारतात. मलाही नावाचा उलगडा होईना, म्हणून शोध घेतला, तेव्हा निघाले ते असे. वेस्ट इंडीजमध्ये त्रिनिदाद नावाचे बेट आहे. तिथे रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी नावाचे गृहस्थ राहत. त्यांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि १८६६ साली तिथल्या आल्बर्ट ग्युंथर यांनी त्यांच्या सन्मानार्थ माशाला त्यांचे नाव दिले. पुढे ध्यानात आले की, विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच व्हेनेझुएलातल्या याच माशाचे बारसे केलेले आहे. शास्त्रात पहिले नाव खरे. त्यामुळे ग्रंथांतून गप्पी गेले, पण लोकांच्या तोंडातून काही जाईनात. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. हे गप्पीसाहेब पेशाने कोण? तर शाळा तपासनीस! उभी हयात शाळा तपासून ज्याचे नाव राहिले नसते, त्याचे एका मासळीने जगभर केले. आम्हा मास्तरांना यात थोडे समाधान आहे.

आता डासाकडे वळू. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी प्राण्यांचे वर्ग पाडले: अंड्यातून येणारे ते अंडज, वारेसह जन्मणारे ते जरायुज, आणि डास, ढेकूण वगैरे मंडळी स्वेदज, म्हणजे घामातून, दमटपणातून उपजणारी. डास घामातून येत नाही, पाण्यातल्या अंड्यातून येतो, हे आज चौथीतले पोर सांगेल. पण तोच डास हिवतापाचे बी वाहून नेतो, हे कळायला १८९७ साल उजाडावे लागले. आणि ते उजाडले कुठे? तर निजामाच्या मुलखात, सिकंदराबादेला. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्यांचा रोगी हुसेनखान नावाचा एक गरीब माणूस होता. डास चावून घेण्याबद्दल त्याला डासामागे एक आणा मिळे. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेनखानाच्या वाट्याला आणे आले. आमचे बीड तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले, म्हणून या शोधाविषयी मला नेहमी घरोबा वाटतो.

डास पाण्यात वाढतो हे ठाऊक होताच पाण्यातला त्याचा वैरी शोधणे आले. अमेरिकेतला गंबुशिया नावाचा मासा, हा गप्पीचाच भाऊबंद, १९०५ साली टेक्सासहून हवाई बेटांत नेला गेला. १९२१ मध्ये तो स्पेनात पोचला, तिथून लगोलग इटलीत, आणि १९२८ साली इटलीहून भारतात. गप्पी त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभीच, इकडे आलेले होते.

मग डी.डी.टी. आले आणि मासे मागे पडले. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, १९५८ मध्ये तिचे निर्मूलन मोहिमेत रूपांतर झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप येई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास रोग्यांचा आकडा एक लाखावर आला. लोकांना वाटले, डास संपला. पण डासाने औषध पचवायला शिकून घेतले, आपण ढिले पडलो, आणि १९७६ साली आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला! तेव्हा जुन्या मित्राची आठवण झाली. १९८३ पासून गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या गावांमध्ये फवारणीवाचून हिवताप हटवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात डबकी बुजवण्याबरोबर गप्पी मासे पाळण्याचेही काम होते. सरकारी पुस्तिका सांगतात की एक गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर अळ्या खातो. आमच्या रांजणात चार दिवसांनी बॅटरी मारून पाहिले, तर एक अळी दिसेना.

इथवर सारे सुरळीत झाले. खरी परीक्षा पुढे होती. माशांतली एक मादी जाड होऊ लागली. पोटाखाली, शेपटीच्या बाजूला, काळा डाग दिसू लागला. गप्पी अंडी घालत नाही. अंडी पोटातच उबतात आणि तीन-चार आठवड्यांनी जिवंत, पोहती पिल्ले बाहेर येतात. शास्त्रकारांनी मासा अंडजांत घातला होता. ही बाई जरायुजांच्या उंबरठ्यावर जाऊन बसलेली! मी हौसेने तिला उचलले, नळाच्या ताज्या पाण्याच्या बरणीत घातले आणि वर्गात नेऊन टेबलावर ठेवले. मुले दिवसभर काचेवर टिचक्या मारीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बरणीत पाच पिल्ले दिसली. दुपारी दोन. संध्याकाळी एकही नाही. आईनेच खाल्ली होती. एक मुलगी रडू लागली. तिला समजवायला माझ्याजवळ शब्द नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि त्यात मासळीच्या बाळंतपणावर धडा नव्हता.

घरी आलो आणि आईला सांगितले. ऐंशी वर्षांची बाई, अक्षरशत्रू, पण गावातल्या किती बायांच्या बाळंतपणांना उशाशी बसलेली. ती म्हणाली, "आरं लेकरा, बाळंतिणीला असं चव्हाट्यावर ठेवतेत का? तिला आडोसा लागतोय. भुकेली आन् भ्यालेली बाई काय करंल?"

पुढे मी पुस्तके पाहिली. त्यांत आईचेच म्हणणे लांबवून लिहिलेले होते. दिवस भरत आलेली मादी हलवू नये. हलवायची तर डाग गडद होऊ लागताच, आठवडाभर आधी हलवावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातल्या औषधाचा उग्रपणा उडून जातो. सारे पाणी एकदम बदलू नये. चौथा हिस्सा काढून तेवढेच भरावे. पाण्यात पाणवनस्पतीचा दाट झुबका असावा. तोच आडोसा आणि पिल्लांचे लपण. खाणे चिमूटभर, पण दिवसातून दोनदा. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर नर तिला पळवून पळवून बेजार करतो. आणि पिल्ले झाली की आईला हळूच वेगळे करावे. पिल्लांना उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक, अगदी कणभर, पुरतो. दोन-तीन महिन्यांत तीच पिल्ले अळ्यांवर कामाला लागतात. आणखी एक नवल म्हणजे एकदा नराशी संग झाला की मादी पुढे कित्येक महिने, नर नसतानाही, पुन्हा पुन्हा वीत राहते.

मासे जपणे आमच्या भागाला नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात 'मत्स्यविनोद' असे प्रकरणच आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला काय चारावे, हे सारे त्यात सांगितले आहे. त्याचा तो विनोद गळ टाकण्याचा होता. आमच्या बायांना मासे जपावे लागले ते गरजेपोटी, एवढाच फरक.

त्या साली वसुबारस ७ नोव्हेंबरला होती. दुसरी मादी आईच्या देखरेखीखाली, खिडकीच्या सावलीत, झुबक्याच्या आडोशाला होती. संध्याकाळी आमच्या पोरीने हाक मारली, "बाबा, हलतंय काहीतरी!" पाहतो तो तिळाएवढे डोळे पाण्यात चमकत होते. मोजली ती बावीस भरली. आई पाटावरून उठली. दारात गाय नव्हती. दुष्काळात ती आम्ही विकली होती. आईने गाय-वासरासाठी काढलेले हळदकुंकू बरणीच्या काचेला बाहेरून लावले आणि म्हणाली, "पोराबाळासकट हाय, म्हंजे हीच आमची बारस."

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या गल्लीत तेव्हा तीस-चाळीस घरी रांजणांत गप्पी होते, सारे त्या बावीसांचे गोत. रांजण तळाला जाई तेव्हा बाया मासे तांब्यात काढून ठेवीत आणि टँकर आला की, पाणी निवल्यावर, परत सोडीत. त्या सालात आमच्या गल्लीत कोणी तापाने दगावले नाही. सारे श्रेय माशांना देण्याइतका मी भोळा नाही. झाकणे आली, जाळ्या आल्या, लोक जागे झाले. पण रांजण सांडावा की पोर सांभाळावे, हा पेच त्या मासळीने सोडवला, हे माझ्या पत्नीला विचारा.

एक इशारा मात्र देतो. ही मंडळी नदी-तळ्यात सोडू नयेत. तिथे ती देशी माशांची अंडी आणि पिल्ले खातात. डोक्यावर चमकता ठिपका असलेले आपले लहान देशी मासेही अळ्या खातात. पाहुण्याने त्यांचे घर बळकावू नये. गंबुशियाचे नाव तर जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्राण्यांच्या यादीत आहे. उपकारी जीव जागा चुकला की उपद्रवी होतो. गप्पीची जागा रांजणात, हौदात, टाक्यात.

आई आता नाही. पोर बारावी होऊन पुढे शिकते आहे. सुटीत आली की आधी रांजणात डोकावते. समोरच्या बरणीतल्या मासळीचा डाग आज चांगला गडद झाला आहे. वसुबारसेला चार दिवस आहेत. झुबका घातला आहे, पाणी निवले आहे. लेख इथेच थांबवतो आणि बरणी सावलीला सरकवून ठेवतो.